वेगळ्या वळणाचा फॉन्ट निवडताना आधी 'चतुःशृंगी' लिहून बघा

देवनागरी फॉन्टचा नमुना उघडला की त्यात बहुतेकदा 'नमस्कार' नाहीतर 'कमल' लिहिलेलं असतं. दोन्ही शब्द फॉन्टवाल्यांच्या फार सोयीचे. वर मात्रा नाही, खाली उकार नाही, वेलांटी नाही. सगळी अक्षरं एका उंचीची, शिरोरेघेला शहाण्या मुलांसारखी लटकलेली. फॉन्ट कितीही वेडावाकडा असो, 'कमल' त्यात छानच दिसतं. मग तो फॉन्ट उतरवून घेतला जातो, अमृततुल्यची पाटी किंवा मंडळाचा फ्लेक्स करायला घेतला जातो, आणि तिसऱ्या शब्दाला गाडी अडते.

पुण्यात फॉन्टची परीक्षा घ्यायला वेगळी प्रश्नपत्रिका काढावी लागत नाही. पेठा, रस्ते आणि उपनगरं यांची नावं पुरतात. चतुःशृंगी, लक्ष्मी रस्ता, विठ्ठलवाडी, कर्वे रस्ता, सिंहगड, पद्मावती, तुळशीबाग, औंध, कॅम्प, ज्ञानेश्वर पादुका चौक आणि शेवटी पर्वतीच्या पायऱ्या. एवढी एक ओळ कॉपी करून ठेवावी आणि प्रत्येक नव्या फॉन्टमध्ये टाकून बघावी. पाच मिनिटांचं काम आहे.

या ओळीत काय बघायचं? 'चतुःशृंगी'मध्ये विसर्गाच्या डोक्यावर शिरोरेघ नसते, त्यामुळे शब्द मधे तुटतो. तिथली मोकळी जागा नीट नसेल तर 'चतु' आणि 'शृंगी' असे दोन शब्द वाचले जातात. त्यात श ला खाली ऋकार आणि वर अनुस्वार, म्हणजे एकाच अक्षराला दोन्हीकडून ओढ. 'लक्ष्मी'मध्ये क्ष ला म जोडायचा आहे. हौशी फॉन्टमध्ये तिथे क्ष चा पाय मोडलेला दिसतो. 'विठ्ठल'मध्ये ठ खाली ठ अशी उतरंड असेल तर ती खालच्या ओळीत किती घुसते ते बघायचं, आणि उतरंड नसेल तर पाय मोडलेला ठ त्या फॉन्टच्या ढंगात शोभतो का तेही. 'कर्वे'मध्ये रफार आणि मात्रा एकाच दांडीच्या डोक्यावर बसतात. 'सिं'मध्ये वेलांटीची कमान आणि अनुस्वाराचा टिंब एकमेकांना धडकतात. 'औंध'मध्ये दोन मात्रांशेजारी टिंब. 'कॅम्प'मध्ये चंद्र. 'तुळशीबाग' तर तीन परीक्षा एकदम घेतो: ळ ची दोन पोटं, श चं वळण आणि ब मधली तिरकी रेघ.

'पायऱ्या' मुद्दाम शेवटी ठेवला आहे. मराठीतला हा अर्धा र हिंदीत लागत नाही, म्हणून बरेच फॉन्ट त्याची तयारीच ठेवत नाहीत. तो नसला की डोक्यावर साधा रफार येतो आणि अर्थ बदलतो. आचाऱ्यांना जेवायला बोलावणं वेगळं आणि आचार्यांना बोलावणं वेगळं. टंकताना 'ऱ' हे वेगळं अक्षर घेऊन त्याचा पाय मोडायचा आणि पुढे य किंवा ह द्यायचा. इनस्क्रिप्ट कळपाटावर शिफ्ट दाबून र ची कळ दाबली की 'ऱ' मिळतो. एवढं करूनही आडवा र दिसला नाही तर दोष टंकणाऱ्याचा नाही, फॉन्टचा आहे.

अक्षरं कमी, आकार शेकडो

युनिकोड म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी पद्धत. तिच्यात देवनागरीच्या मुख्य तक्त्यात १२८ जागा आहेत. त्यात क आहे, ष आहे, पाय मोडायची खूण आहे, पण 'क्ष' नाही. 'ठ्ठ', 'द्म', 'श्व' यांनाही तिथे स्वतंत्र जागा नाही. क, मग पाय मोडायची खूण, मग ष असा क्रम आला की त्याजागी क्ष चा आकार दाखव, अशा सूचना फॉन्टच्या आत लिहिलेल्या असतात. गंमत म्हणजे क्ष आणि ज्ञ साठीच्या सूचनेचं ओपनटाइप या फॉन्टच्या साच्यातलं नाव आपलं 'अखंड' हेच आहे. चांगल्या देवनागरी फॉन्टमध्ये असे पाचशे-सातशे आकार सहज भरतात. प्रत्येक आकार त्या फॉन्टच्या खास ढंगात नव्याने काढावा लागतो. इंग्रजीत चमचमीत फॉन्ट शेकड्यांनी आणि मराठीत मोजके, यामागे मेहनतीचा हा हिशेब आहे. म्हणूनच हौशी फॉन्टमध्ये सुटी अक्षरं झकास आणि जोडाक्षरं उसनी असतात.

ल आणि श ची गोष्ट निराळी. मराठी शाळेत गिरवलेला ल दोन पाकळ्यांचा, मधल्या देठाने शिरोरेघेला लटकलेला असतो. हिंदी छापाच्या ल ला उजवीकडे उभी दांडी असते. श चेही असेच मराठी आणि हिंदी छाप आहेत. कित्येक फॉन्टमध्ये दोन्ही आकार असतात, पण समोर येतो तो हिंदी. मजकूर निवडून कॅरेक्टर पॅनेलमध्ये भाषा 'मराठी' केली की ल आणि श बदलतात. वेबसाइटवर पानाची भाषा मराठी अशी नोंदवली तर तेच काम होतं. काही फॉन्टमध्ये पर्यायी आकार ग्लिफ्सच्या, म्हणजे फॉन्टमधल्या सगळ्या आकारांच्या, पॅनेलमध्ये हाताने शोधावे लागतात. पाटीवरचा 'तुळशीबाग' परका का वाटतोय हे गिऱ्हाइकाला सांगता येत नाही, पण वाटतो खरा.

शिरोरेघ: पहिली तुटणारी गोष्ट

इंग्रजी पोस्टरमध्ये अक्षरं लांब लांब ठेवली की शब्द भारदस्त दिसतो. तेच ट्रॅकिंग मराठीला लावलं की शिरोरेघेत फटी पडतात. फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेघ शेजारच्यावर जराशी चढवलेली असते. ती चढण फार थोडी असल्यामुळे अक्षरं किंचित लांब केली तरी सांधा उघडा पडतो. पडद्यावर लहान आकारात हे दिसत नाही, दहा फुटी फ्लेक्सवर दिसतं. इनडिझाइनमध्ये ओळी दोन्ही बाजूंनी जुळवताना अक्षरांमधलं अंतर वाढवायची मुभा दिलेली असली तरीही हेच होतं. जस्टिफिकेशनमध्ये लेटर स्पेसिंगचे तिन्ही आकडे शून्य ठेवायचे आणि जुळवाजुळव फक्त शब्दांमधल्या जागेवर सोडायची.

शब्द खरंच पसरायचा असेल तर दोन मार्ग आहेत. पहिला, रुंदी बदलता येणारा फॉन्ट घ्यायचा. एकटाइप या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचा 'अनेक' हा व्हेरिएबल फॉन्ट आहे, त्यात रुंदी ७५ ते १२५ आणि जाडी १०० ते ८०० अशी सरकवता येते. अक्षर स्वतःच रुंद होतं, त्यामुळे सांधे शाबूत राहतात. दुसरा मार्ग हातकामाचा. शब्दाचे कर्व्ह करायचे, म्हणजे मजकुराची रेखाकृती करून टाकायची, अक्षरं हवी तितकी दूर सरकवायची, मग शिरोरेघेच्या नेमक्या जाडीची एक आयताकृती पट्टी काढून वरून टाकायची. मात्र पट्टी सरसकट ओढायची नाही. ध, भ आणि थ यांच्या डोक्यावर डावीकडे शिरोरेघ मुद्दाम तुटकी असते. ती भरली की ध चा घ आणि भ चा म व्हायला वेळ लागत नाही. 'भेळ'च्या गाडीवर 'मेळ' लिहिलेलं बरं दिसत नाही.

शिरोरेघ पूर्ण काढून टाकायची हौसही अधूनमधून येते. आधुनिक दिसतं हे खरं, पण मग भ-म आणि ध-घ यांच्यातला फरक फक्त डाव्या बाजूच्या छोट्या गाठीवर उरतो. ती गाठ त्या फॉन्टमध्ये ठळक आहे का ते आधी बघावं. 'ख' सैल झाला की 'रव' वाचला जातो, ही तर जुनीच तक्रार. दोन-तीन अक्षरांच्या चिन्हाला बिनरेघेची अक्षरं चालतात, पत्त्याच्या ओळीला चालवू नयेत.

जाडी वाढली की पोटं भरतात

ठळक फॉन्टमध्ये अक्षराचं बाहेरचं अंग फार वाढवता येत नाही, म्हणून जाडी आत वाढते आणि आतली पोकळी आक्रसते. ब मधली तिरकी रेघ बुजली की तो व दिसतो, ष चा प होतो. 'पुष्प' मग 'पुप्प' वाटतं.

एकटाइपचा 'मोदक' हा या प्रश्नाशी उघडउघड खेळणारा फॉन्ट. अक्षरं इतकी गुबगुबीत की आतल्या पोकळ्यांच्या नुसत्या पांढऱ्या चिरा उरल्या आहेत. मुलांच्या कार्यक्रमाचं पोस्टर, आइस्क्रीमचं दुकान, पुस्तकाचं मुखपृष्ठ अशा ठिकाणी तो मोठ्या आकारात फार सुरेख दिसतो. पण व्हिजिटिंग कार्डावर त्या चिरा शाईने भरतात आणि मागे काळे गोळे उरतात. त्याच घरातला 'बालू' तसाच लडिवाळ, पण पोटं मोकळी ठेवलेला, म्हणून लहान आकारात जास्त टिकतो.

उलट टोकाला इंडियन टाइप फाउंड्रीचा 'रोझा वन' आहे. त्यात जाड रेघ खूप जाड आणि बारीक रेघ केसासारखी. लग्नपत्रिकेवरचं 'शुभविवाह' त्यात देखणं उमटतं. काळ्या शाईत पांढऱ्या कागदावर त्रास नाही. गडद चार रंगी पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं सोडली की मात्र शाई पसरून बारीक रेघा खाऊन टाकते, आणि चार प्लेटांपैकी एक जरी केसभर सरकली तरी रेघ रंगीत दिसते. छपाईत साधारण असं धरतात की सरळ छापायची रेघ पाव पॉइंटपेक्षा आणि पांढरी सोडायची रेघ अर्ध्या पॉइंटपेक्षा बारीक नसावी. पत्रिकेवर सोनेरी फॉइल चढवायचं असेल तर याहून हात राखावा. फॉइल ब च्या पोटात आणि 'द्ध'च्या सांध्यात साचतं. अक्षर लहान हवं असेल आणि पार्श्वभूमी मरून किंवा काळी असेल, तर रोझाचा हट्ट सोडलेला बरा.

ओळींमधलं अंतर हा याच घराण्यातला प्रश्न. ॲडोबीच्या प्रोग्रॅममध्ये आपोआप मिळणारं अंतर आकाराच्या १२० टक्के असतं. ते इंग्रजीच्या मापाचं आहे. मराठीत वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीचे रफार-मात्रा त्यात भांडतात. वाचायच्या मजकुराला १३५ ते १५० टक्के ठेवावं. मथळ्याच्या दोन ओळी मात्र आकडा न बघता प्रत्यक्ष शब्द बघून जवळ आणाव्यात. वरच्या ओळीत उकार नसेल तर त्या चांगल्याच जवळ येतात.

बोरूची छाट आणि परका चेहरा

काही फॉन्टमध्ये एकही चूक नसते, तरी अक्षर मराठी वाटत नाही. कारण बहुधा टाकाच्या कोनात असतं. देवनागरीसाठी बोरू छाटायची पद्धत रोमन लिपीच्या टाकापेक्षा उलट बाजूची आहे, त्यामुळे रेघ कुठे जाड आणि कुठे बारीक व्हायची तेही उलटतं. इंग्रजी फॉन्टचे तुकडे जोडून देवनागरी अक्षरं उभी केली की जाडी चुकीच्या जागी पडते. डोळ्याला ती खटकते, कारण मात्र सांगता येत नाही.

हे समजून घ्यायला 'यात्रा वन' उघडून बघावा. कॅथरिन श्मिट यांचा हा फॉन्ट मुंबई लोकलच्या स्थानकांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून सुचलेला आहे. त्यातली इंग्रजी अक्षरंही देवनागरी टाकाच्या कोनाने काढली आहेत. म्हणजे नेहमीची वाट उलटी चालली आहे, आणि त्यामुळे दोन्ही लिप्या शेजारी सख्ख्या बहिणींसारख्या बसतात. दुकानाच्या पाटीसाठी, खानावळीच्या मेनूसाठी झकास. 'जैनी' हा जैन कल्पसूत्राच्या हस्तलिखितांवरून काढलेला फॉन्ट. त्याचा 'जैनी पूर्व' हा भाऊ जुनी वळणं राखतो, ती आजच्या वाचकाला अडखळवू शकतात. म्हणून शीर्षकाला 'पूर्व' आणि बाकी मजकुराला दुसरं काहीतरी, अशी वाटणी करावी.

ऐतिहासिक नाटक किंवा गडकोटांच्या सहलीचं पोस्टर आलं की 'शिवकालीन फॉन्ट' मागितला जातो. त्या काळातला कारभारी मराठी मजकूर मोडीत लिहिला जाई. आधी रेघ ओढायची, मग तिला अक्षरं लटकवत न थांबता लिहीत जायचं, शब्द तोडायचे नाहीत. मोडीला २०१४ साली युनिकोड ७.० मध्ये स्वतंत्र जागा मिळाली, आणि तिचे फॉन्टही आहेत. पण पोस्टर वाचलं जावं अशी इच्छा असेल तर मोडी सजावटीपुरती ठेवून मुख्य नाव बाळबोधात ठेवावं. मोडीचं खरं वळण बघायचं असेल तर सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. १९१० पासून जमवलेली कागदपत्रं तिथे आहेत. तलवारीची टोकं जोडलेल्या फॉन्टचा त्या कागदांशी काही संबंध नाही.

दोन त सारखे दिसले की चोरी पकडली जाते

जुन्या मराठी नाटकांच्या जाहिरातीत नावं फॉन्टमध्ये नसत. कमल शेडग्यांसारखे अक्षरकार प्रत्येक नाटकाचं नाव वेगळं रेखाटत. त्या रेखाटनात एखादं अक्षर दोनदा आलं तर दोन्ही वेळा ते थोडं निराळं असे. फॉन्टमध्ये तसं होत नाही. ब्रशच्या फटकाऱ्यांचा फॉन्ट घेऊन 'अमृततुल्य' लिहा. शेजारी शेजारी दोन त येतात, दोघांच्या फटकाऱ्यातला खरखरीतपणा आणि उडालेले शिंतोडे तंतोतंत एकच. बघणाऱ्याला लगेच कळतं की हे हाताने लिहिलेलं नाही.

उपाय सोपा आहे. फॉन्टमध्ये पर्यायी त आहे का ते ग्लिफ्समध्ये बघायचं. नसेल तर कर्व्ह करून दुसऱ्या त ची दांडी एक-दोन टक्के लांब करायची, टोकाचे दोन-तीन बिंदू सरकवायचे, शिंतोडे पुसून दुसरीकडे टाकायचे. शब्दाच्या शेवटी दांडी येत असेल तर ती खाली ओढून वळवता येते. 'तुल्य'मधल्या उकाराची शेपटी पुढच्या ल्य खाली नेली तर आख्खा शब्द एका बैठकीत येतो. दहा-पंधरा मिनिटं लागतात. शिरोरेघेची सलग जाडी मात्र हलवू नये. ती वरखाली झाली की शब्द चुकून हललाय असंच वाटतं.

पडद्यावर शब्द मोडतो तेव्हा

सिंहगडाची वेलांटी स च्या उजवीकडे जाऊन बसली आणि सगळ्या जोडाक्षरांचे पाय मोडले, तर फॉन्टला शिव्या देऊ नयेत. प्रोग्रॅम त्या आतल्या सूचना वाचत नाहीये. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत टाइपच्या प्रेफरन्समध्ये 'वर्ल्ड-रेडी लेआउट' निवडायचं. इनडिझाइनमध्ये परिच्छेदाच्या मेनूतून 'वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर' घ्यायचा. इलस्ट्रेटरमध्ये टाइपच्या प्रेफरन्समध्ये 'शो इंडिक ऑप्शन्स' चालू करून मग दक्षिण आशियाई कंपोझर निवडायचा. कोरलड्रॉच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये हे जमत नाही. तिथे इंकस्केप या मोफत प्रोग्रॅममध्ये शब्द लिहून, कर्व्ह करून आणावा.

जुन्या डीटीपी फॉन्टचं प्रकरण वेगळं. पुण्यातल्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी आणि सीडॅकचं आयएसएम या मराठी टंकनाच्या प्रोग्रॅमवर एक आख्खी पिढी वाढली, आणि त्या फॉन्टमधली काही वळणं आजही देखणी आहेत. पण युनिकोड येण्याआधीचे फॉन्ट २५६ जागांत बसवलेले होते. इंग्रजी अक्षरांच्या खुर्चीवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवून काम भागवलं जाई. म्हणून तो मजकूर दुसरीकडे चिकटवला की इंग्रजीचा खकाणा दिसतो. मोबाइलवर लिहून आलेला युनिकोड मजकूर त्या फॉन्टमध्ये चालत नाही, आधी कन्व्हर्टरमधून काढावा लागतो. त्यानंतर 'ऱ्या', 'ॲ', विसर्ग आणि अवतरणचिन्हं डोळ्यांनी तपासायची, कारण चुका तिथेच होतात. रुपयाचं चिन्ह २०१० साली आलं, म्हणून त्याआधीच्या फॉन्टमध्ये ते सापडणार नाही.

कटिंगला जाणारी फाइल

नारायण पेठेत नाहीतर अप्पा बळवंत चौकाच्या आसपास फाइल छापायला दिली की पहिला प्रश्न येतो, 'कर्व्ह केलंय का?' कर्व्ह केल्यावर शिरोरेघेवरची ती चढण दोन वेगवेगळ्या आकारांच्या रूपाने उरते. छपाईत ती लपते. रेडियम कापणारं यंत्र किंवा ॲक्रिलिक कापणारा लेझर मात्र प्रत्येक बाह्यरेषेवरून जातो, आणि 'पद्मावती'च्या शिरोरेघेला प्रत्येक सांध्यापाशी आडवे छेद देतो. म्हणून कर्व्हनंतर कोरलमध्ये 'वेल्ड', इलस्ट्रेटरमध्ये पाथफाइंडरमधलं 'युनाइट' वापरून सगळे आकार एकजीव करायचे. मग आउटलाइन दृश्यात जाऊन आत एकही रेघ उरली नाही हे बघायचं. व्हेरिएबल फॉन्टमध्ये एका अक्षराच्या आतही असे तुकडे एकमेकांवर चढलेले असतात, तिथे तर वेल्ड विसरूच नये.

अक्षरांना बाहेरून जाड किनार द्यायची असेल तेव्हाही सांधे उघडे पडतात. त्यासाठी मजकूर कर्व्ह करायची गरज नाही. इलस्ट्रेटरच्या अपिअरन्स पॅनेलमध्ये नवा स्ट्रोक घेऊन तो 'कॅरेक्टर्स'च्या खाली ओढायचा. निम्मी किनार अक्षराखाली झाकली जाते, म्हणून चार पॉइंट दिसायला हवी असेल तर आठ द्यायची. वर कोपरे गोल करायचे, नाहीतर मात्रांच्या टोकांना काटे फुटतात.

रेडियममध्ये दोन मिलिमीटरपेक्षा बारीक रेघ सोलताना उचकटते, तेव्हा रोझा तिथे बाद. एलईडीच्या डबा-अक्षरांना आत दिव्यांची पट्टी बसवायची असते, रेघ साधारण दीड इंच तरी रुंद लागते. एका बाबतीत मराठी इथे फायद्यात आहे. इंग्रजीत प्रत्येक अक्षर वेगळं ठोकावं लागतं, आपला शब्द शिरोरेघेमुळे एका तुकड्यात निघतो. सुटे राहतात ते अनुस्वार आणि विसर्ग. त्यांना वेगळे खिळे लागतात, आणि पहिल्या पावसात गळून पडतात तेही तेच. टिंब शिरोरेघेला बारीक देठाने जोडला तर हा प्रश्न सुटतो, पण तो देठ मात्रेसारखा दिसणार नाही इतका आखूड हवा. स्टेन्सिल कापताना उलटा त्रास होतो: ब, व, क यांच्या पोटातला कागद खाली पडतो, त्याला पूल ठेवावे लागतात. पूल उभ्या दांडीजवळ ठेवावा. शिरोरेघ तोडून ठेवलेला पूल वाचणाऱ्याला नवीन शब्द सुरू झाल्यासारखा वाटतो.

पाटीचं माप

पाट्या करणाऱ्यांचा ठोकताळा असा की दर दहा फूट अंतराला एक इंच अक्षर. रस्त्यापलीकडून साठ फुटांवरून वाचायचं तर सहा इंच. हे माप शिरोरेघेपासून अक्षराच्या पायापर्यंतचं धरायचं, मात्रा आणि उकार त्यात मोजायचे नाहीत. फॉन्टचा आकडा सारखा ठेवला तरी ही उंची प्रत्येक फॉन्टमध्ये वेगळी भरते, म्हणून पट्टीने मोजलेलं बरं. मोदकसारख्या भरगच्च किंवा खूप दाट उभट फॉन्टला सहाऐवजी आठ इंच धरावेत. ते न परवडल्यास फॉन्ट बदलावा.

दुकानाच्या पाटीत आणखी एक कलम आहे. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियमात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार पाटीवरची मराठी अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. इथे नकळत चूक होते. मराठी आणि इंग्रजी दोन्ही एकाच पॉइंटात ठेवले तरी मोठ्या लिपीतली इंग्रजी अक्षरं बऱ्याच फॉन्टमध्ये उंच दिसतात. म्हणून इंग्रजी कॅपिटलच्या डोक्यावर एक आडवी गाइड ओढायची आणि मराठीची शिरोरेघ तिथपर्यंत किंवा तिच्या वर येईल इतका मराठीचा आकार वाढवायचा.

फॉन्टचा परवानाही याच टप्प्यावर बघून घ्यावा. गुगल फॉन्ट्सवर मिळणारे मोदक, बालू, यात्रा, जैनी, रोझा आणि अनेक हे सगळे ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत. धंद्याच्या कामाला, छपाईला, बोधचिन्हाला बिनदिक्कत वापरता येतात. फक्त तो फॉन्टच सुटा विकायचा नाही. 'वैयक्तिक वापरासाठी मोफत' असं लिहिलेला फॉन्ट मात्र मंडळाच्या अहवालात जाहिरातदारांच्या पानावर वापरला की तो वैयक्तिक वापर राहत नाही.

छपाईला देण्याआधी पाटीतला शब्द ए-फोर कागदावर असा छापा की अक्षराची उंची २५ मिलिमीटर भरेल. तो भिंतीला चिकटवा आणि तीन मीटर मागे जा. साठ फुटांवरून सहा इंची अक्षर डोळ्याला जेवढं दिसेल, तेवढंच हे दिसतं. मग ज्याने तो शब्द आधी पाहिलेला नाही अशा कुणाला तरी बोलावून वाचायला सांगा. वाचताना तो जिथे थांबेल, ते अक्षर उघडून दुरुस्त करा आणि फाइल दोन प्रतींत द्या: एक कर्व्ह-वेल्ड केलेली, दुसरी जिवंत मजकुराची. छापायच्या आदल्या रात्री फोन नंबर बदलतोच.